पॉइंट ग्रे : पक्ष जिंकतो, मंत्री पडतो

मावळतीकर

२०२४ च्या ऑक्टोबरात कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात निवडणूक झाली तेव्हा इथे कुणीतरी विचारलं होतं, की मुख्यमंत्री डेव्हिड ईबी ज्या मतदारसंघातून येतात ती तिथली बारामती का? तेव्हा "छे, बरोबर उलट" एवढंच लिहून सटकलो होतो. आता निवांत आहे, तर विस्कटून लिहितो. (तिथे प्रीमियर म्हणतात, मी सरळ मुख्यमंत्री लिहितोय.)

मतदारसंघाचं नाव व्हँकुव्हर-पॉइंट ग्रे. शहर पश्चिमेला निमुळतं होत समुद्रात शिरतं, त्या टोकावर युनिव्हर्सिटी ऑफ ब्रिटिश कोलंबिया, म्हणजे यूबीसी. तिथून शहराकडे यायला लागलं की आधी वेस्ट पॉइंट ग्रेचे समुद्राकडे तोंड करून बसलेले बंगले, ज्यांच्या किमती आपण फक्त ऐकायच्या. मग किट्सिलानो : तीन-चार मजली जुन्या भाड्याच्या इमारती, समुद्रकिनारा, कॉफीची दुकानं. साठच्या दशकात इथल्या फोर्थ अव्हेन्यूवर हिप्पींचा तळ होता. थोडक्यात प्राध्यापक, पोरं, भाडेकरू आणि गडगंज, सगळे एकाच यादीत.

पॉइंट ग्रे ही १९०८ पासून वेगळी नगरपालिका होती, १ जानेवारी १९२९ ला ती व्हँकुव्हरमध्ये विलीन झाली. १९३३ च्या निवडणुकीत या नावाचा प्रांतिक मतदारसंघ पहिल्यांदा आला आणि त्यातून एक नव्हे, तीन आमदार निवडून द्यायचे असत. पुण्यात चार सदस्यांच्या प्रभागात मतदान केलेल्यांना हे समजावून सांगायला नको. १९६६ ला तिनाचे दोन झाले, १९९१ ला दोनाचा एक.

आता मूळ मुद्दा. या मतदारसंघाला एक खोड आहे. प्रांतभर सत्ताधारी पक्ष आरामात निवडून येतो आणि त्याच दिवशी पॉइंट ग्रेवाले त्या पक्षाचं एखादं वजनदार डोकं उडवतात. एकदा नाही, तीनदा.

पहिल्या टिली रोल्स्टन. १९४१ ला कॉन्झर्व्हेटिव्ह म्हणून निवडून आल्या. त्या काळी दुधाच्या धंदेवाल्यांना सांभाळायला मार्गारीनला (लोण्याऐवजी खायचं ते) पिवळा रंग देऊन विकायला बंदी होती. पांढरा गोळा आणि रंग वेगवेगळा मिळायचा, घरी बायकांनी मळत बसायचं. हा काय वैताग असतो ते पुरुष आमदारांना कळावं म्हणून बाईंनी सभागृहातच मार्गारीन मळून दाखवलं. १९५२ ला लिबरल-कॉन्झर्व्हेटिव्ह आघाडी फुटली. डाव्या सीसीएफ पक्षाला रोखायला म्हणून या दोघांनीच जाता जाता पसंतीक्रमाची मतपत्रिका आणून ठेवली होती. आपल्या पदवीधर मतदारसंघात असते तशी : पहिली पसंती, दुसरी पसंती. हिशेब असा की लिबरलवाल्याची दुसरी पसंती कॉन्झर्व्हेटिव्हला जाईल, त्याची याला. लोकांनी दुसरी पसंती तिसऱ्यालाच दिली! कालपर्यंत खिजगणतीत नसलेल्या सोशल क्रेडिट पक्षाला १९ जागा, सीसीएफला १८, आणि आघाडीवाल्या दोघांचा धुव्वा. रोल्स्टनबाईंनी वारा ओळखून आधीच सोशल क्रेडिटमध्ये उडी मारली होती. निवडून आल्या, शिक्षणमंत्री झाल्या. वर्षभरात मुख्यमंत्री डब्ल्यू. ए. सी. बेनेट यांनी पुन्हा निवडणूक लावली, या वेळी पक्षाला स्पष्ट बहुमत मिळालं आणि शिक्षणमंत्री पॉइंट ग्रेत पडल्या. त्याच मतदारसंघातून लिबरलांचे नेते आर्थर लेंग निवडून आले. बाई त्याच वर्षी वारल्या.

दुसरे रॉबर्ट बॉनर. बेनेट यांचे अॅटर्नी जनरल, मंत्रिमंडळातलं सगळ्यात हुशार डोकं म्हणून नाव. १९५३ पासून पॉइंट ग्रेचे आमदार. १९६६ ला सोशल क्रेडिटने ५५ पैकी ३३ जागा मिळवल्या, बॉनर मात्र गेले. दोन्ही जागा लिबरलांना : पॅट मॅकगीर आणि गार्ड गार्डम. बॉनरना मग दूर कॅरिबूतून पोटनिवडणूक लढवून सभागृहात यावं लागलं.

तिसऱ्या क्रिस्टी क्लार्क, २०१३. त्या तर मुख्यमंत्रीच होत्या. त्यावर वेगळं लिहावं लागेल.

---

टिळकरोडी

मस्त! मार्गारीनवाल्या बाई आवडल्या.
एक शंका. मुख्यमंत्री स्वतः पडली तर पदावर राहते कशी? म्हणजे ममतादीदी २०२१ ला नंदीग्रामला १,९५६ मतांनी पडल्या आणि मग भवानीपूरहून आल्या, तसंच का? आणि आपल्याकडे विधान परिषद असते, तिथून आणतात. उद्धव ठाकरे तसेच आले २०२० ला, सहा महिने संपायला आले असताना.

---

मावळतीकर

टिळकरोडी, दीदींचं उदाहरण चपखल आहे. फरक दोन. ब्रिटिश कोलंबियात वरचं सभागृहच नाही, त्यामुळे मागचं दार नाही. पोटनिवडणूक हाच रस्ता. आणि सहा महिन्यांची लेखी मुदत नाही, लवकर निवडून यायचं हा संकेत आहे. उमेदवार त्याच मतदारसंघात राहणारा असायची अटही नाही, प्रांताचा रहिवासी असला की झालं. म्हणून नेत्यांची ही पळापळ चालते.

आता क्लार्कबाई. त्याआधी गॉर्डन कॅम्पबेल. व्हँकुव्हरचे माजी महापौर, १९९६ पासून पॉइंट ग्रेचे आमदार. पक्ष बीसी लिबरल. नावावर जाऊ नका, तिथे लिबरल म्हणजे उजवीकडचे. १९९१ ला सोशल क्रेडिट कोसळल्यावर ते सगळं बिऱ्हाड हळूहळू लिबरलांच्या घरात येऊन राहिलं. १९९६ ला कॅम्पबेलना प्रांतात मतं जास्त आणि जागा कमी : ३३ विरुद्ध डाव्या एनडीपी पक्षाच्या ३९. २००१ ला मात्र ७९ पैकी ७७. विरोधी बाकांवर दोन आमदार! २००९ ची निवडणूक जिंकल्यावर दोन-अडीच महिन्यांत त्यांनी एचएसटी हा जीएसटीसारखा एकत्रित कर आणायचं जाहीर केलं. प्रचारात त्याचा उच्चार नव्हता, लोक खवळले. नोव्हेंबर २०१० मध्ये कॅम्पबेलनी पद सोडायचं जाहीर केलं. पुढे २०११ ला सार्वमतात सुमारे ५५ टक्के लोकांनी तो करच रद्द करवला.

पक्षाने नेतृत्व क्लार्कबाईंना दिलं. त्या तेव्हा आमदार नव्हत्या, म्हणून कॅम्पबेलच्या रिकाम्या जागी ११ मे २०११ ला पोटनिवडणूक. समोर एनडीपीकडून नागरी हक्कांच्या खटल्यांतला एक उंचच उंच वकील, डेव्हिड ईबी. बाई जिंकल्या, पण जेमतेम ५६४ मतांनी. मुख्यमंत्र्यांच्या पोटनिवडणुकीत हे मताधिक्य म्हणजे इशाराच. १४ मे २०१३ ला तेच दोघे पुन्हा समोरासमोर. सगळे पोल सांगत होते की एनडीपी सत्तेत येणार. झालं उलटं : लिबरल ४९, एनडीपी ३४, आणि विजयाच्या शिल्पकार क्लार्कबाई स्वतः पॉइंट ग्रेत हजारावर मतांनी पराभूत.

मग केलोनाच्या आमदाराने आपली सुरक्षित जागा मोकळी करून दिली, जुलैत बाई तिथून निवडून आल्या. त्या आमदाराची काही महिन्यांतच आशियातला प्रांताचा व्यापार प्रतिनिधी म्हणून नेमणूक झाली. पुनर्वसन म्हणजे काय ते तिथेही कळतं.

---

रेनकोट

२०१३ ला मी यूबीसीत मास्टर्स करत होतो. त्या रात्रीची गंमत सांगतो. हॉस्टेलच्या कॉमन रूममध्ये टीव्ही लावून आम्ही सात-आठ देशांची पोरं बसलेलो, एकालाही मतदानाचा हक्क नाही. मत फक्त नागरिकालाच. मतदान रात्री ८ ला संपतं आणि मोजणी लगेच, तिथल्या तिथे. कागदी मतपत्रिका, पेन्सिलची फुली. बोटाला शाई नाही याचंच मला अप्रूप. तासाभरात चॅनेलवाल्यांनी लिबरल सरकार जाहीर केलं आणि खालच्या पट्टीवर मात्र पॉइंट ग्रे कधी इकडे, कधी तिकडे. एक कॅनेडियन पोरगी, ईबीची स्वयंसेवक, दारात उभी राहून फोनवर आकडे ऐकत होती. पक्ष हरलाय आणि आपला माणूस येतोय, रडायचं की नाचायचं तिला कळेना.

तिनेच एक गोष्ट समजावली जी मी कुठे फारशी वाचली नाही. तेव्हा निवडणुका मेमध्ये असत. यूबीसीचं सत्र एप्रिलअखेर संपतं, हॉस्टेलं रिकामी होतात, पोरं आपापल्या गावी. म्हणजे या मतदारसंघातली एक अख्खी गठ्ठा मतं ऐन वेळी गावाबाहेर. तरी ईबी निवडून आला. २०१७ नंतर एनडीपी सरकारने कायदा बदलून ठरलेली तारीख मेऐवजी ऑक्टोबरात नेली. ऑक्टोबरात पोरं कॅम्पसवरच असतात. कारणं वेगळी सांगितली गेली, पण पॉइंट ग्रेच्या आमदाराला ती तारीख नक्कीच गोड लागली असणार.

---

फटकळ

मावळतीकर, लेखन छान पण थिअरी जरा ताणलीय. तीन उदाहरणं घेतलीत, बाकीच्या निवडणुका गाळल्यात. १९९१ ला एनडीपीचं सरकार, पॉइंट ग्रेतून एनडीपीच्या डार्लीन मार्झारी. २००१, ०५, ०९ ला लिबरल सरकार, पॉइंट ग्रेतून खुद्द मुख्यमंत्री. २०१७, २०, २४ ला एनडीपी सरकार, पॉइंट ग्रेतून ईबी. हा तर वाऱ्याबरोबर जाणारा मतदारसंघ झाला. वजनदार लोक इथे उभेच जास्त राहिले, म्हणून पडलेही जास्त. बाकी मतदारसंघांत मंत्री पडत नाहीत का? डेव्ह बॅरेट मुख्यमंत्री असताना १९७५ ला कोक्विटलममध्ये १८ मतांनी पडले. अठरा!

---

मावळतीकर

फटकळराव, बॅरेट पडले तेव्हा त्यांचा पक्षही पडला होता. लाटेत कुणीही वाहून जातो. मी बोलतोय ते पक्ष जिंकत असताना पडलेल्यांबद्दल.

आणि १९७२ का गाळलंत? बॅरेटची लाट होती, एनडीपी ५५ पैकी ३८. पॉइंट ग्रेने दोन्ही लिबरल परत पाठवले, मॅकगीर आणि गार्डम. तीन वर्षांनी या दोघांनी पक्ष बदलला आणि सोशल क्रेडिटमध्ये गेले, मंत्री झाले. आयाराम-गयाराम हे काही हरियाणाचं पेटंट नाही. मतदारांनी त्यांना १९७५, ७९, ८३ असं तीनदा निवडून दिलं. म्हणजे इथला मतदार चिन्ह बघत नाही, माणूस बघतो. माझं म्हणणं तेवढंच.

रच्याकने, हा मॅकगीर भन्नाट प्राणी. यूबीसीत मेंदूशास्त्राचा संशोधक, अल्झायमरवर काम, १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये कॅनडाच्या बास्केटबॉल संघात, आणि वर शिक्षणमंत्री. गार्डम पुढे प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर, म्हणजे आपले राज्यपाल, झाले.

---

शेवटचा_बाक

माणूस बघतो याचा सगळ्यात पक्का पुरावा १९८६ चा आहे, तो कुणीच दिला नाही. तेव्हा दोन जागा होत्या, प्रत्येकाला दोन मतं. निकाल : एक जागा सोशल क्रेडिटच्या किम कॅम्पबेलना, दुसरी एनडीपीच्या डार्लीन मार्झारींना. उजवीची एक, डावीची एक, दोघी बायका. पुरेशा लोकांनी एक मत इकडे, एक तिकडे टाकल्याशिवाय असा निकाल सहसा लागत नाही.

या किम कॅम्पबेल म्हणजे पुढे १९९३ ला कॅनडाच्या पहिल्या आणि आजवरच्या एकमेव महिला पंतप्रधान. पॉइंट ग्रेची आमदारकी त्यांनी दोनच वर्षांत सोडली. गर्भपाताच्या प्रश्नावर मुख्यमंत्री व्हँडर झाम यांच्याशी वाजलं होतं, त्या केंद्रात निघून गेल्या. रिकाम्या जागेवर १९८९ ला पोटनिवडणूक झाली आणि एनडीपीचे डॉक्टर टॉम पेरी आले. काही काळ दोन्ही आमदार एनडीपीचे. आणि किमबाईंचं पंतप्रधानपद? काही महिने. १९९३ च्या निवडणुकीत त्यांच्या पक्षाच्या देशभरात दोन जागा उरल्या, त्याही स्वतः पडल्या. पण तो व्हँकुव्हर सेंटर हा केंद्रीय मतदारसंघ, त्याचं पाप पॉइंट ग्रेच्या माथी नको.

दोन जागांच्या मतदारसंघावरून आठवलं. १९५२ ला मुंबई उत्तरमध्ये बाबासाहेब पडले तोही द्विसदस्यीय मतदारसंघ होता. लोकांनी दोन मतं कशी वापरली यावर तिथेही पुढे किती वाद झाले.

---

जाईजुई

वाचतेय. सगळे इथे नेत्यांवर बोलताय, यादीत नाव कुणाचं होतं तेही बघा.

१९०७ च्या दुरुस्तीने ब्रिटिश कोलंबियाने "हिंदूंचा" मताधिकार काढला. हिंदू म्हणजे तिथल्या कायद्यात सगळे हिंदुस्थानी, प्रत्यक्षात बहुतेक शीख. चिन्यांचा त्याच्या कितीतरी आधी काढलेला. दोघांनाही तो परत मिळाला १९४७ ला, आपलं स्वातंत्र्य आणि त्यांचं मत एकाच वर्षी. जपानी आणि मूळनिवासी यांना १९४९. म्हणजे मावळतीकरांच्या धाग्यातला १९३३, ३७, ४१, ४५ हा सगळा काळ गोऱ्यांचाच खेळ होता.

आणि तेव्हा आपले लोक तिथे नव्हते असंही नाही. व्हँकुव्हरचा पहिला गुरुद्वारा १९०८ ला किट्सिलानोतच, वेस्ट सेकंड अव्हेन्यूवर उभा राहिला. जवळच्या लाकडाच्या गिरण्यांत काम करणारे लोक. सहा वर्षांनी हिंदुस्थानी प्रवाशांची कोमागाता मारू ही बोट बंदरात अडवली तेव्हा ३७६ प्रवाशांसाठी पैसे गोळा करायच्या सभा त्या समाजाने घेतल्या. २००८ साली प्रांताच्या विधानसभेने त्याबद्दल माफीचा ठराव केला, तेव्हा मुख्यमंत्री होते पॉइंट ग्रेचे आमदार गॉर्डन कॅम्पबेल. मधल्या काळात गुरुद्वारा रॉस स्ट्रीटला गेला आणि पंजाबी वस्ती दक्षिण व्हँकुव्हर, सरेकडे सरकली. किट्सिलानोत आज घर घेणं त्या गिरणी कामगारांच्या नातवंडांनाही परवडेल का शंका आहे.

---

टिळकरोडी

जाईजुई, हे अजिबात माहीत नव्हतं. +१

घरांवरून विचारतो. ईबी भाडेकरूंचा माणूस म्हणतात, मग ते बंगलेवाले त्याला कसे सहन करतात?

---

फटकळ

करत नाहीत. २०१८ ला एनडीपी सरकारने ३० लाख डॉलरच्या वरच्या घरांवर जादा शाळा-कर लावला. तीस लाखांच्या वरच्या भागावर ०.२ टक्के, चाळीसच्या वर ०.४. गंमत म्हणजे ज्या मंत्र्याच्या मतदारसंघात असली घरं खच्चून भरलीत तो ईबी, तेव्हाचा अॅटर्नी जनरल. त्याने त्यावर लोकांशी बोलायला सभा ठेवली होती, पण निदर्शनांची इतकी जय्यत तयारी झाली की सुरक्षेचं कारण देऊन ती रद्द करावी लागली. वर्तमानपत्रांत महिनाभर तोच धुरळा. "निवृत्त माणूस आहे, घर महाग झालं त्यात माझा काय दोष" असं म्हणणाऱ्यांत तथ्यही होतं, थट्टेवारी न्यायचं कारण नाही. कागदावर कोट्यधीश आणि हातात पेन्शन, असे लोक तिथे खरंच आहेत.

आणि २०२० ला काय झालं? ईबी निम्म्याहून जास्त मतं घेऊन परत. बंगले दिसतात मोठे, मतदार असतात दोन. शेजारच्या चार मजली इमारतीत साठ.

(इथे मावळतीकरांची थिअरी मला त्यांच्यापेक्षा जास्त पटते, पण कारण वेगळं. माणूस-बिणूस काही नाही, डोकी मोजा.)

---

मावळतीकर

डोकी १९८६ लाही होती आणि तेव्हा किमबाई आल्या. पण असो, भाडेकरूंचं गणित मान्य. यूबीसीचा आणखी एक पैलू त्यात घाला. कॅम्पस आणि शेजारचा युनिव्हर्सिटी एंडोमेंट लँड्सचा पट्टा व्हँकुव्हर शहराच्या हद्दीत येतच नाही. तिथे राहणाऱ्यांना महापौरासाठी मत नाही. रस्ते, पाणी, बांधकाम परवानगी, सगळं फिरून प्रांताच्या दारात. त्यामुळे तिथल्या माणसाला आमदार हाच नगरसेवक. गटार तुंबलं तरी आमदाराचं ऑफिस. पॉइंट ग्रेचा आमदार मुख्यमंत्री झाला की प्रांतभर हिंडतो आणि इथली ऑफिसची खुर्ची रिकामी दिसते. २०१३ ला क्लार्कबाई गावोगाव प्रचारात होत्या आणि ईबी दारोदार फिरत होता. माझ्या मते तिथेच निकाल लागला.

आता ईबी स्वतः नोव्हेंबर २०२२ पासून मुख्यमंत्री आहे. २०२४ ला समोरचा जुना लिबरल पक्ष, ज्याने मधे बीसी युनायटेड असं नवं नाव घेतलं होतं, त्याने निवडणुकीच्या तोंडावर ऑगस्टअखेर मैदान सोडलं आणि उजवी मतं कॉन्झर्व्हेटिव्हांकडे एकवटली. ९३ पैकी एनडीपी ४७, कॉन्झर्व्हेटिव्ह ४४, ग्रीन २. बहुमत लटकलं होतं सरे-गिल्डफर्डच्या जागेवर, फेरमोजणीनंतर २२ मतांनी एनडीपीकडे राहिली. पॉइंट ग्रेत मात्र ईबीला धोका नव्हता.

---

रेनकोट

म्हणजे तुमच्याच हिशेबाने पुढचा नंबर त्याचा. पक्ष जिंकणार आणि हा पडणार?

---

मावळतीकर

पुढची ठरलेली निवडणूक ऑक्टोबर २०२८ ला आहे, ईबी तोवर टिकला आणि इथूनच उभा राहिला तर बघू. फटकळराव, माझ्याशी पैज घ्यायला तयार असाल तर सांगा, मिसळीवर.

---

फटकळ

घेतली. पण आधी ठरवा, मिसळ पुण्याची की कोल्हापूरची. आणि तोवर त्या १९५२ च्या पसंतीक्रमावर वेगळा धागा काढा, तीन जागांसाठी पसंत्या मोजल्या कशा ते तुम्ही सफाईने टाळलंत.

---

मावळतीकर

टाळलं नाही हो. प्रत्येक जागेची मतपत्रिका वेगळी असे, पक्षाचा एक उमेदवार एका पत्रिकेवर, आणि प्रत्येक पत्रिकेवर पसंत्या वेगळ्या. कोण कुठल्या पत्रिकेवर यावरून पक्षात काय रुसवेफुगवे झाले असतील विचार करा. धागा काढतो.